'झेड' (१९६९) परत बघितला, आणि पोरीच्या प्रश्नाला उत्तर सापडेना

मधलीसुट्टी:

नमस्कार मंडळी. रविवारी दुपारी पोरीला शेजारी बसवून 'झेड' दाखवला. कोस्ता-गाव्रासचा, १९६९ चा, फ्रेंच भाषेतला. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा कॉलेजात होतो, पुण्यात एका फिल्म क्लबच्या शोला, सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली असतील, मध्येच प्रोजेक्टर बंद पडला आणि आम्ही पायऱ्यांवर बसून भेळ खाल्ली एवढं लख्ख आठवतं, पण सिनेमातलं म्हणाल तर एक तीनचाकी टेम्पो आणि त्या तपास करणाऱ्या न्यायाधीशाचा गडद काचांचा चष्मा, बास.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात (इथून पुढे सगळं फुटणार आहे, नंतर ओरडू नका). देशाचं नाव घेत नाहीत पण तो ग्रीस आहे हे कुणालाही कळतं. विरोधी पक्षाचा एक डॉक्टर-खासदार शांततेच्या सभेसाठी एका शहरात येतो. सभेला हॉल मिळू देत नाहीत, कसाबसा एक मिळतो, बाहेर गुंड जमवलेले, पोलीस नुसते हाताची घडी घालून उभे. सभा संपवून तो चौकातून चालत जाताना टेम्पो येतो, मागे उभा असलेला माणूस दंडुका हाणतो, खेळ खलास. पोलीस म्हणतात दारुड्याने गाडी घातली, अपघात. मग तो चष्मेवाला येतो, सरकारच्या मर्जीतला, शिस्तीतला, आणि एकेकाला समोर बसवून जबाब टाईप करून घ्यायला लागतो. धागा थेट पोलिसांच्या जनरलपर्यंत जातो. शेवटी चार बडे अधिकारी छातीवर पदकं लटकवून येतात आणि हा थंडपणे विचारतो, नाव, आडनाव, व्यवसाय. आम्ही दोघं अक्षरशः टाळ्या पिटत होतो.

आणि मग शेवटच्या दोन-तीन मिनिटांत सगळं पाण्यात. बातम्या वाचल्यासारखं सांगून टाकतात की साक्षीदार एकामागून एक मेले, मारेकऱ्यांना किरकोळ शिक्षा झाली, अधिकारी जवळजवळ सुटले, न्यायाधीशाला बाजूला केलं, लष्कर सत्तेत आलं, आणि कशाकशावर बंदी आली त्याची यादी. त्यात सोफोक्लीस, टॉलस्टॉय, लांब केस, मिनीस्कर्ट, नवीन गणित, आणि 'झेड' हे अक्षरसुद्धा.

पोरगी एकोणीस वर्षांची आहे. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "बाबा, मग तो माणूस एवढा वेळ टाईप का करून घेत होता?"

मला उत्तर देता आलं नाही. 'तेव्हाची परिस्थिती तशी होती' असं काहीतरी पुटपुटलो आणि चहा टाकायला उठलो. तुम्ही काय सांगितलं असतं?


जुनाखोडवा:

मधलीसुट्टीराव, आधी तारखा मांडून बघा, मग तो शेवट दुसरा काही होऊच शकत नव्हता हे लक्षात येईल.

खरा माणूस ग्रिगोरिस लांब्राकिस. पेशाने डॉक्टर, अथेन्सच्या विद्यापीठात शिकवायचा, आणि तरुणपणी लांब उडीतला ग्रीसचा चॅम्पियन. त्याचा राष्ट्रीय विक्रम तेवीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता म्हणे, म्हणजे गडी साधासुधा नव्हता. २१ एप्रिल १९६३ ला मॅरेथॉन ते अथेन्स असा शांतता मोर्चा काढायचा होता, पोलिसांनी बंदी घातली, बाकीच्यांना उचललं, पण खासदार असल्यामुळे ह्याला हात लावता येईना, तर हा एकटा फलक हातात धरून चालत राहिला. महिनाभराने, २२ मे ला, थेसालोनिकीत तो टेम्पोचा प्रकार. पाच दिवसांनी गेला, वय ५१. अंत्ययात्रेला अथेन्समध्ये लाखो लोक, आणि भिंतींवर एक अक्षर, झेड. ग्रीकमध्ये त्या अक्षराने सुरू होणारा शब्द आहे त्याचा अर्थ 'जिवंत आहे'.

मग १९६६ मध्ये खटल्याचा निकाल, मारेकऱ्यांना काही वर्षं, पोलीस अधिकारी निर्दोष. आणि २१ एप्रिल १९६७ ला कर्नलांनी सत्ता घेतली. तारीख बघितलीत? त्या एकट्याच्या चालण्याला बरोब्बर चार वर्षं झाली त्या दिवशी. लष्करशहा १९७४ पर्यंत बसले होते. म्हणजे सिनेमा थिएटरात लागला तेव्हा ते लोक खुर्चीवर होते हो! दिग्दर्शक स्वतः ग्रीक, फ्रान्समध्ये राहणारा, ज्या कादंबरीवर सिनेमा आहे ती लिहिणारा वासिलिस वासिलिकोस देशाबाहेर. ग्रीसमध्ये शूटिंग करणं शक्यच नव्हतं म्हणून अल्जिअर्समध्ये जाऊन केलं, ते पांढरे जिने आणि गॅलऱ्या दिसतात ना त्या सगळ्या अल्जिरियाच्या. त्यामुळे परदेशी चित्रपटाचं ऑस्करही अल्जिरियाच्या नावावर गेलं, फ्रान्सच्या नाही.

आता अशा वेळी शेवटी 'सत्यमेव जयते' दाखवलं असतं तर ती शुद्ध थाप झाली असती. सुरुवातीची पाटी आठवा. आपल्याकडे असतं ना, या कथेतील पात्रे काल्पनिक असून साधर्म्य आढळल्यास तो योगायोग समजावा, त्याचं बरोब्बर उलटं लिहिलंय, खऱ्या घटनांशी आणि माणसांशी साम्य हा योगायोग नाही, मुद्दाम केलंय, आणि खाली सही! अशी पाटी लावल्यावर शेवटाला कच खाऊन कसं चालेल.


चष्मिष्ट:

सगळा शेवट फोडलात, धन्यवाद. बघायच्या यादीत होता.


मधलीसुट्टी:

@चष्मिष्ट अहो वर लिहिलंय की ठळक. आणि खरं सांगू का, हा माहीत असून बघायचा सिनेमा आहे. कोणी मारलं हे पहिल्या अर्ध्या तासात आपल्या डोळ्यांसमोरच घडतं.


वकीलतात्या:

उशीर झाला, कोर्टाला सुट्ट्या आहेत तरी कामं सुटत नाहीत.

पोरीचा प्रश्न लाखमोलाचा आहे आणि माझ्या धंद्यातल्या माणसाने त्यापासून पळ काढू नये म्हणून सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे तो 'न्यायाधीश' म्हणजे आपल्याकडच्यासारखा वर बसून ऐकणारा न्यायाधीश नव्हे. फ्रान्स, ग्रीस वगैरेंच्या पद्धतीत तपासासाठीच एक न्यायाधीश नेमतात, साक्षीदार बोलावणं, जबाब नोंदवणं, आरोप ठेवायचा की नाही ठरवणं हे त्याचं काम, निकाल दुसरं कोर्ट देतं. आपल्याकडे तपास पोलिसांचा, मॅजिस्ट्रेटकडे फार तर फौजदारी प्रक्रियेच्या कलम १६४ चा जबाब (आता नव्या कायद्यात १८३ झालंय, पण जीभ अजून १६४ च म्हणते), कोठडीत मृत्यू झाला तर चौकशी, एवढंच. त्यामुळे पोलिसांनीच केलेल्या गुन्ह्याचा तपास पोलीस सोडून कुणीतरी करतोय हे बघताना आपल्याला जे गारगार वाटतं ना त्याचं कारण हे आहे.

दुसरं, सिनेमाची खरी मजा ज्या दोन ठिकाणी आहे ती दोन्ही जबाब नोंदवण्याची आहेत. एक म्हणजे 'वाघ'. एकेक अधिकारी येऊन सांगतो की तो अमुक माणूस टेम्पोवर 'वाघासारखा चपळ आणि क्रूर' झेपावला. पहिल्याने म्हटलं तर ठीक. दुसराही तेच, तिसराही तेच शब्द. हा काही बोलत नाही पण आपल्याला कळतं की ह्याने पकडलं. आमच्या भाषेत याला पढवलेला साक्षीदार म्हणतात. खरं बोलणारे चारजण चार तऱ्हेने बोलतात, कुणी टेम्पोचा रंग चुकवतो, कुणी वेळ चुकवतो. काना-मात्रा-वेलांटीसकट सगळं जुळलं की समजायचं कुठेतरी बसून तालीम झालीय. चोवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी हे इतक्यांदा पाहिलंय की सिनेमातला तो प्रसंग आला की मी एकटाच मोठ्याने हसतो, बायको वैतागते.

दुसरं ठिकाण याहून भारी. सुरुवातीला कुणी 'खून' म्हटलं की हा दुरुस्त करायचा, 'घटना' म्हणा. कारण कागदावर अजून खून सिद्ध नाही, आणि तो माणूस कागदाचाच आहे. शवविच्छेदनात कळतं की डोकं गाडीने नाही, दंडुक्याने फुटलंय, तरीही तो 'घटना'च. आणि मग जबाब वाढत जातात आणि एक वेळ येते की त्याच्याच तोंडून 'खून' निघतो. भाषण नाही, संगीत नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. एक शब्द बदलला फक्त. मला विचाराल तर सगळा सिनेमा त्या एका शब्दासाठी आहे.

आता पोरीला सांगा, तो टाईप का करून घेत होता. एकदा जबाब सहीनिशी कागदावर आला की तो खोटा ठरवायला समोरच्याला फार उपद्व्याप करावे लागतात. साक्षीदार मारावे लागतात, न्यायाधीश हलवावा लागतो, इथे तर अख्खं सरकार उलथवावं लागलं. नुसती अफवा असती तर ह्यातलं काहीच करावं लागलं नसतं. (कर्नलांनी फक्त या खटल्यासाठी सत्ता घेतली असं मी म्हणत नाहीये, उगाच कुणी अंगावर येऊ नका.)


तिरकस:

सगळे आरती ओवाळतायत तर मी जरा वेगळं बोलतो. मला 'झेड' आवडतो पण तो पक्का एकतर्फी सिनेमा आहे हे मान्य करा की. विरोधक सगळे सुसंस्कृत, देखणे, ईव्ह माँताँसारखे (तोच तो डॉक्टर), आणि समोरचे सगळे जाडे, घामट, मूर्ख. तो जनरल सुरुवातीलाच द्राक्षांवरच्या बुरशीवरून सुरू होतो आणि विचारांची बुरशी, तिच्यावर फवारणी वगैरे, मजा येते, पण असे लोक प्रत्यक्षात इतके विनोदी नसतात, ते चांगले गोड बोलतात आणि म्हणूनच धोकादायक असतात. शिवाय मारेकऱ्यांपैकी एकाला समलिंगी दाखवून त्याच्यावर जे हिणकस विनोद केलेत ते आज बघवत नाहीत. आणि बायका? डॉक्टरच्या बायकोसाठी इरीन पापाससारखी नटी घेतली आणि तिला काम काय तर नवऱ्याचा कोट हुंगणे आणि समुद्राकडे बघणे.

तरी तो 'ड्रायफस' वाला प्रसंग आला की मीही खुर्चीतून पडतो, कबूल. (ड्रायफस म्हणजे हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेला फ्रेंच लष्करी अधिकारी.) पत्रकार जनरलला विचारतो, तुम्हीपण ड्रायफससारखेच अन्यायाचे बळी का, आणि हा गरजतो, "ड्रायफस दोषी होता!" एका वाक्यात माणूस उघडा.


जुनाखोडवा:

@तिरकस समलिंगी वाल्या मुद्द्याला १००% सहमत, तिथे सिनेमा म्हातारा झालाय. पण पापासबद्दल नाही. शेवटी मित्र धावत येऊन तिला सांगतो की अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले, आपण जिंकलो, आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. आख्ख्या सिनेमात पुढे काय होणार हे फक्त तिला कळलेलं असतं. तुमच्या पोरीचा प्रश्नच ती तिथे विचारतेय असं समजा.


स्वरभंग:

कुणीच संगीताबद्दल बोललं नाही म्हणून लॉगिन झालो, एरवी वाचनमात्र.

मिकीस थिओदोराकिस. लांब्राकिसच्या खुनानंतर त्याच्या नावाने तरुणांची संघटना निघाली तिचा हा पुढारी. कर्नल आल्यावर त्याचं संगीत वाजवायला, ऐकायलासुद्धा बंदी, आणि तो स्वतः आधी तुरुंगात मग एका डोंगरातल्या खेड्यात नजरकैदेत. म्हणजे ज्या सिनेमाला ह्याचं संगीत आहे त्या सिनेमासाठी हा माणूस स्टुडिओत येऊच शकत नव्हता. आधीच्याच रचना घेऊन काम भागवलं. त्यातली एक मुख्य धून आहे ती मुळात एका आयरिश गाण्याची, आयर्लंडचा पुढारी मायकेल कॉलिन्स १९२२ मध्ये मारला गेला त्याच्यावरचं, 'हसरा मुलगा' असा त्याचा अर्थ, त्याचं ग्रीक भाषांतर थिओदोराकिसने स्वरबद्ध केलं होतं, आणि 'झेड' नंतर ग्रीक लोकांसाठी तो हसरा मुलगा म्हणजे लांब्राकिसच झाला. आयर्लंडचं रडगाणं ग्रीसमार्गे अल्जिरियात आणि तिथून आपल्या कानात. बुझुकी नावाचं तंतुवाद्य आहे त्यात, ते सुरू झालं की पाय हलायला लागतात आणि पडद्यावर मात्र माणसाला मारायची तयारी चाललेली असते, तो जो विरोध आहे ना, तो मला अजून झोपू देत नाही.

आणि संकलन! त्यालापण ऑस्कर आहे, फ्रांस्वाज बोनो. माँताँ चालताना मध्येच अर्ध्या सेकंदाची आठवण येऊन जाते, ती तुम्ही बघितली की नाही हे कळायच्या आत पुढचं.


सालोनिका_रिटर्न:

मी जर्मनीत असतो, कामाच्या निमित्ताने दोन वर्षांपूर्वी थेसालोनिकीला चार दिवस होतो. तिथे जिथे हल्ला झाला त्या कोपऱ्यावर लांब्राकिसचं स्मारक आहे. मी मुद्दाम शोधत गेलो. भर बाजारपेठ, आजूबाजूला कपड्यांची दुकानं, एक आजोबा तिथेच टेकून लॉटरीची तिकिटं विकत होते. सिनेमात चौक केवढा मोठा वाटतो, इथे मात्र आपल्या लक्ष्मी रोडला उभं राहिल्यासारखं वाटलं, म्हणजे एवढ्या लोकांच्या देखत, एवढ्याशा जागेत मारलं.

माझ्या बरोबरच्या ग्रीक सहकाऱ्याला म्हटलं, आम्ही हा सिनेमा बघितलाय, तर तो म्हणाला तुम्हाला त्यानंतरचं माहितीये का. आणि त्याने जे सांगितलं ते मधलीसुट्टींच्या पोरीसाठी इथे देतो. तो चष्मेवाला न्यायाधीश खरा होता, ख्रिस्तोस सार्त्झेताकिस, तेव्हा पस्तिशीचाही नव्हता. कर्नलांनी त्याला १९६८ मध्ये नोकरीतून काढलं, पुढे अटक केली, छळ केला. १९७४ ला राजवट पडल्यावर परत कामावर घेतलं. आणि १९८५ ला हा माणूस ग्रीसचा राष्ट्राध्यक्ष झाला!

थांबा, अजून आहे. १९६३ मध्ये लांब्राकिसला मारलं तेव्हा पंतप्रधान कोण होते, तर करामान्लिस. १९८५ च्या आधी राष्ट्राध्यक्ष कोण, तर तेच करामान्लिस. म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीतल्या खुनाचा तपास केला त्यांच्याच खुर्चीवर हा जाऊन बसला. आणि १९९० ला ह्याची मुदत संपल्यावर त्या खुर्चीवर परत कोण आलं? करामान्लिस. सहकारी म्हणाला, आमच्याकडे राजकारण असंच असतं. मी म्हटलं, बाबा रे, मला नको शिकवूस, मी महाराष्ट्रातून आलोय.


तिरकस:

@सालोनिका_रिटर्न हे माहीत नव्हतं. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'अतिरंजित' म्हणून कापलं असतं. पण त्याची निवडणूकही काही सोवळी नव्हती, संसदेतल्या मतदानात रंगीत मतपत्रिका वापरल्या म्हणून मोठा गदारोळ झाला होता. तेवढं पण सांगा पोरीला, नाहीतर पुतळा व्हायचा.


कंदीलवाली:

'शांघाय' कुणी आठवत नाहीये का? दिबाकर बॅनर्जीचा, २०१२. त्याच कादंबरीवर आहे, पटकथेत उर्मी जुवेकर. इथे टेम्पो तोच, डॉक्टर तोच, पण तपास करणारा आयएएस अधिकारी आहे, अभय देओल. आणि गंमत बघा, मूळ सिनेमात न्यायाधीश नियमाने चालून सत्यापर्यंत पोचतो, आपल्या रिमेकमध्ये अधिकाऱ्याला शेवटी सौदा करावा लागतो, मोठ्याला एका बाजूने दाबून. त्याला माहितीये की कागद वर पाठवला तर फाईल कुठल्यातरी कपाटात मरणार. बावीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या बाईला (मीच) हे बघून हसावं की रडावं कळलं नाही. 'शांघाय' चा शेवट मला 'झेड' पेक्षा कडू लागतो, कारण तिथे डॉक्टरची विधवा समुद्राकडे बघत नाही, ती होर्डिंगवर झळकते.

आणि पत्रकाराबद्दल. 'झेड' मधला जाक पेराँचा पत्रकार सुरुवातीला चांगलाच चिकट माणूस आहे, चोरून फोटो काढणारा, विधवेच्या मागे लागणारा. त्याला न्यायाशी काही देणंघेणं नाही, बातमी हवीय. पण तीच चिकाटी पुढे कामाला येते. (पेराँ सिनेमाचा निर्माताही होता, त्याच्यामुळे पैसा उभा राहिला.) मला त्याला बघून सारखा 'सिंहासन' मधला दिगू टिपणीस आठवत होता. निळू फुले. दिगू सज्जन आहे, त्याला सगळं कळतं, सगळ्यांच्या आतल्या गोष्टी माहितीयेत, आणि तो काहीच करू शकत नाही, शेवटी वेडा होतो. हा फ्रेंचवाला सज्जन नाही पण फोटो काढून आणतो. शेवटी मात्र दोघंही गोत्यात. निवेदन करताना पेराँचा आवाज मध्येच बंद होतो आणि एक बाई येऊन सांगते की पत्रकाराला तीन वर्षांची शिक्षा झाली, हे लक्षात आलं का सगळ्यांच्या? मी दुसऱ्यांदा बघताना ऐकलं.


मधलीसुट्टी:

@कंदीलवाली माझ्या नाही आलं!! आत्ता परत लावून बघितलं. बातमी सांगणाराच आत गेला आणि बातमी चालूच राहिली. बाप रे.

सगळ्यांचे आभार, वकीलतात्यांचा आणि सालोनिकांचा प्रतिसाद पोरीला वाचून दाखवला. राष्ट्राध्यक्ष झाल्याचं ऐकून तिला फार काही वाटलं नाही, म्हणाली "बावीस वर्षं लागली की मग". 'घटना' आणि 'खून' वर मात्र थांबली आणि तो भाग परत लावायला सांगितला. आणि आता तिला एकच प्रसंग सारखा बघायचाय, आरोप ठेवल्यावर ते एकेक अधिकारी पत्रकारांना चुकवायला बाजूच्या दाराने निसटायला बघतात आणि दार बंद असतं. चौघांपैकी एकालाही आधीच्याकडून शहाणपण येत नाही, प्रत्येकजण जाऊन तीच कडी खडखडवतो. घरात आता कुणीही चुकीचं दार ढकललं की ती विचारते, नाव, आडनाव, व्यवसाय.

एक वाईट वाटलं शोधाशोध करताना. सार्त्झेताकिस, पेराँ, न्यायाधीशाचं काम करणारा त्रँतिन्याँ आणि इरीन पापास, चौघंही २०२२ या एकाच वर्षात गेले. खरा न्यायाधीश फेब्रुवारीत आणि पडद्यावरचा जूनमध्ये.

पुढच्या रविवारी 'सिंहासन' लावायचं ठरलंय. बरी प्रिंट कुठे मिळेल सांगाल का? माझ्याकडच्या सीडीत मध्यंतरानंतर आवाज पुढे आणि ओठ मागे आहेत.


वकीलतात्या:

माझ्याकडे आहे डीव्हीडी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. परत द्यायच्या बोलीवर, आणि तशी पोच लिहून घेणार आहे, सहीनिशी.